एका दमात

नुसतं ऐक. मध्ये बोलायचं नाही, फार तर हुंकार दे.

भोंग्याने ट्रम्पेट ओठाला लावला, डोळे मिटले आणि शेवटची लांब ओळ घेतली. सूर चढला, अजून चढला, आणि अगदी टोकाला हात लागणार तेवढ्यात छातीतून खर्रर्र असं काहीतरी वर आलं आणि सूर मटकन खाली बसला. लगेच मागून ड्रम कडाडला. तडतडतडतड असा लांबलचक रोल. तेवढ्यात भोंगा खोकला, श्वास घेतला आणि उरलेली ओळ पुरी केली.

बँडमास्तरांनी काठी खाली केली.

"रोल काढून टाकलाय, असं सांगितलं होतं ना मी?"

"हात गेला, सर," ड्रमवाला म्हणाला.

"बघा!" भोंगा गर्रकन वळला. डोळ्यांत खोकल्याचं पाणी, पण आवाज नावाला साजेसा. "हा दर वर्षी हेच करतो. माझी ओळ रंगात आली की ह्याचे हात शिवशिवतात. हा मध्येच तडतडतो, म्हणून मला थांबावं लागतं. नाहीतर माझी ओळ कुठे जाऊन पोचली असती!"

ड्रमवाल्याने बाहीने ड्रमची कड पुसली.

आता हे दोघं कोण, तर दोघंही अग्निशमन दलातले. आग लागली की विझवायची, नसेल तेव्हा पाइप धुवायचे, गाडी चकाकती ठेवायची आणि केंद्राच्या बँडमध्ये वाजवायचं. सराव चालू असताना घंटा झाली तर वाद्यं खुर्च्यांवर टाकून सगळे गाडीकडे पळतात, आणि आवारात ट्यूबा, ते सगळ्यांत मोठं पितळी वाद्य, एकटाच उन्हात बसलेला दिसतो. आणि हे दोघं नुसते जोडीदार नाहीत बरं का, सख्खे साडू. दोन बहिणी दोघांच्या घरात. म्हणजे कामावर भांडण झालं की संध्याकाळपर्यंत दोन्ही स्वयंपाकघरांना पत्ता लागलेला.

आणि ही धून म्हणजे साधीसुधी नाही. कामावर असताना जे गेले त्यांच्यासाठी वर्षातून एकदा आवारात सगळे जमतात, त्यांच्या घरची माणसं येतात, आणि तेव्हा ही वाजते. सुरुवातीपासून भोंगाच वाजवतो. जगात त्याला दोनच गोष्टींचा अभिमान, एक त्याची लेक आणि दुसरी ही धून.

"मुळात ही ओळ अखंड आहे," बँडमास्तर म्हणाले. "एका दमात जायला हवी. यंदा मला ती तशीच हवीय. पोरी, तू घे बघू."

नव्याने भरती झालेली एक पोरगी होती, ट्रम्पेटवालीच. ती लाजत उठली, आणि ओळ अशी सरळ काढली रे तिने, लोण्यातून सुरी जावी तशी. पलीकडे गाडी धुणाऱ्याने नळ बंद केला. ड्रमवाल्याच्या काठ्या मांडीवर गप्प.

"छान," बँडमास्तर म्हणाले. मग भोंग्याकडे न बघता, "स्मृतिदिनापर्यंत बघू. ज्याची ओळ तुटणार नाही, त्याने वाजवायची."

भोंग्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्याच्या घराची किल्ली मागितलीय.

पाइप वाळत घालायचा तिथे एक उंच मनोरा आहे. त्याच्यामागे दोघं साडू नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. वरून ओले पाइप लोंबतायत, खाली हे दोघं. भोंग्याने सिगारेट पेटवली, एक झुरका मारला आणि परत खोकला.

"सोड ना मग," साडू म्हणाला.

"तूही सोड."

"मी कशाला? मी काय ड्रम तोंडाने वाजवतो?"

भोंगा हसला नाही. सिगारेटच्या टोकाकडे बघत राहिला. माणूस दिवसभर दुसऱ्यांच्या घरातला धूर बाहेर काढतो आणि मागे येऊन स्वतःच्या छातीत तोच भरतो. ही गंमत त्याच्या लेकीने त्याला कितीदा ऐकवली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा त्याला लागली.

मग तो गेला दवाखान्यात. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला फटकळ.

"कधीपासून ओढताय?"

"मिशी फुटायच्या आधीपासून."

"याआधी सोडायचा प्रयत्न?"

"दर सोमवारी."

तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, असं नाही. एक दिवस ठरवा. आदल्या रात्री घरातली रक्षापात्रं, लायटर, खिशातली पाकिटं, सगळं बाहेर. आणि चार लोकांना सांगा, लाज वाटायला कोणीतरी हवं. तल्लफ येईल, ती येणारच. पण ती पाहुणी असते, काही मिनिटं बसते आणि उठून जाते. तेवढा वेळ हातातोंडाला दुसरं काम द्या. पाणी प्या, चक्कर मारा, लांब श्वास घ्या. मग तिने निकोटिनची चघळायची गोळी लिहून दिली आणि म्हणाली, ही च्युइंगमसारखी कचाकचा चावायची नाही, जरा चावायची आणि गालात ठेवून द्यायची. "एवढी वर्षं फुप्फुसांना छळलंत, तरी ती रागावत नाहीत. तुम्ही थांबलात की कामाला लागतात."

"आणि दम?"

"येईल. पण हळूहळू, रुसलेल्या माणसासारखा."

भोंग्याने घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही.

"अहो, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय."

"या वेळी वेगळं आहे."

"काय वेगळं?"

भोंगा उठला, खिडकीतलं रक्षापात्र उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ते तिच्या माहेरून आलेलं होतं, जाड काचेचं. ठण्णकन आवाज झाला. बायकोची सुरी थांबली.

पहिले दिवस काय विचारू नकोस! माणूस नुसता फणा काढून. लेकीने दार जोरात लावलं म्हणून ओरडला, मग हळू लावलं म्हणून ओरडला. सरावाच्या वेळी ती गोळी गालात ठेवून विसरला आणि ट्रम्पेट लावला. गोळी जाऊन माउथपीसमध्ये, म्हणजे ट्रम्पेटच्या त्या तोंडाला लावायच्या टोकात, बसली. फुंकतोय, फुंकतोय, आवाज नाही! साडूने बसून सेफ्टी पिनेने ती कोरून काढली. "भोंगा बंद पाडायचं औषध सापडलं हो शेवटी," असं म्हणाला आणि अख्खा बँड खिदळला.

पण त्यातूनच भोंग्याला युक्ती सुचली. माउथपीस तो काढून खिशात ठेवायला लागला. तल्लफ आली की काढायचा, ओठाला लावायचा आणि नुसतं वाजवायचा. ट्रम्पेटशिवाय ते काय वाजणार, भुणभुणतं फक्त. हातालाही काम, तोंडालाही काम, आणि वर रियाज. बसथांब्यावर भुणभुण, जिन्यात भुणभुण, मोरीत भुणभुण. दोन दिवसांत केंद्रात बोलायला लागले, भोंग्याचा भुंगा झाला.

आणि साडू? तो मनोऱ्यामागे यायचाच बंद झाला. मनोऱ्याच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन एकटा ओढायचा, वारा उलटा असेल तर आणखी लांब. का, ते ना त्याने सांगितलं, ना भोंग्याने विचारलं. भोंगा उलट घरी म्हणाला, "बघ, साथ सोडली माझी."

एकदा घसरलाही बरं का. मोठी आग विझवून सगळे परत आले, काळेठिक्कर, दमलेले, आणि कोणीतरी सवयीने पाकीट पुढे केलं. ह्याचा हात गेला. अर्धी ओढली. मग रात्रभर बायकोकडे पाठ करून झोपला. सकाळी डॉक्टरणीसमोर असा बसला, जसा शाळेत हेडमास्तरांसमोर.

"संपलं सगळं," म्हणाला.

"पाय घसरला म्हणून कोणी चालायचं सोडतं का?" ती म्हणाली. "उठा. आणि आगीवरून आल्यावर आधी काय करायचं ते आत्ताच ठरवून जा."

त्याने ठरवलं. आगीवरून आला की थेट नळाखाली डोकं, आणि मग भुणभुण.

हळूहळू एकेक गोष्ट परत यायला लागली. आधी नाक. स्वतःच्या गणवेशाचा वास आला आणि तो दचकला. "हे असं वास मारत मी तुझ्याशेजारी झोपायचो?" बायको म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे." मग जीभ परत आली. उपाहारगृहातला चहा एक घोट प्यायला आणि पेला खाली ठेवला. "एवढी वर्षं मी हे प्यायलो?" मग जिना. तिसऱ्या मजल्यावर पोचला आणि त्याच्या लक्षात आलं, की दुसऱ्यावर आपण कठडा धरला नाही.

पण खरी गोष्ट घडली ती एका तळघरात. कपड्यांच्या दुकानाचं तळघर, धूर इतका की स्वतःचा हात दिसेना. तिथे पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मास्क लावून जोडीने आत जातात. हवा संपत आली की सिलिंडरची शिट्टी वाजते, आणि नियम असा, की एकाची वाजली की दोघांनी बाहेर यायचं. कोणी कोणाला आत सोडत नाही. धापा टाकणाऱ्याची हवा लवकर संपते, उघड आहे. इतकी वर्षं शिट्टी पहिली वाजायची ती भोंग्याची. साडूच्या पाठीवर भरपूर हवा शिल्लक असायची, तरी तो खांद्यावर थाप मारायचा, चल, आणि मागे फिरायचा. कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशी शिट्टी वाजली. भोंगा सवयीने वळला. आणि मग त्याला कळलं की ही आपली नाही.

बाहेर आल्यावर साडूने मास्क काढला, भिंतीला टेकला, छाती भात्यासारखी वरखाली.

"जुनं सिलिंडर दिलं वाटतं," म्हणाला.

भोंग्याने पाण्याची बाटली पुढे केली. एरवी आयुष्यभराचा टोमणा साधला असता त्याने. पण त्याला आपल्याच त्या सगळ्या शिट्ट्या एकदम ऐकू आल्या, एकामागून एक, आणि प्रत्येक शिट्टीनंतर खांद्यावर पडलेली ती थाप.

पुढच्या सरावाला बँडमास्तरांनी त्याला उभं केलं. तीच ओळ. त्याने श्वास घेतला आणि सोडला सूर. चढला. जिथे तुटायचा तिथे आला, आणि काहीच झालं नाही रे! रस्त्यात खड्डा असेल म्हणून माणूस जपून पाय टाकतो आणि रस्ता सपाट निघतो, तसं. ओळ संपली तरी छातीत हवा उरलेली. पोरगी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायला लागली.

"यंदा तुम्हीच," बँडमास्तर म्हणाले. त्यांनाही आनंद झाला होता, लपवता येईना. "अशीच हवी. अखंड, विनारोल. पाव्हण्यांसमोर मान ताठ होईल."

भोंगा नुसता फुलून आला. मग डोळे मिचकावत साडूकडे वळला.

"काय, आज हात नाही गेला?"

"नाही गेला."

"का बरं?"

साडूने खांदे उडवले.

सराव संपला, माणसं पांगली. पोरगी ट्रम्पेट पुसत होती, साडू ड्रमचे पट्टे सैल करत होता. भोंगा त्याला म्हणाला, थांब जरा, एकदा आणखी घेऊ. त्याच्या समोर लाल गाडी उभी होती, आणि गाडीच्या बाजूच्या आरशात त्याला मागे बसलेला साडू दिसला. साडूची नजर समोरच्या कागदावर नव्हती. ती भोंग्याच्या पाठीवर होती.

भोंग्याने धून सुरू केली. आणि कोण जाणे का, निम्म्यातच, अगदी भलत्याच ठिकाणी, जिथे कधी म्हणजे कधी दम लागला नव्हता, तिथे त्याने नुसते खांदे वर उचलले आणि सूर सोडून दिला.

तडतडतडतड.

पापणी लवायच्या आत.

त्याने परत सुरू केलं. दुसऱ्याच जागी खांदे उचलले. आरशातल्या काठ्या त्याच क्षणी खाली आल्या. तिसऱ्यांदा उचलले. परत आल्या.

"अरे काय चालवलंयस?" साडू वैतागला. "कुठेही काय थांबतोस?"

भोंगा वळला नाही. आरशातच बघत राहिला. ट्रम्पेट खाली आला, हळूहळू, गुडघ्यापर्यंत.

"काका, काय झालं?" पोरीने विचारलं.

"काही नाही गं. पाणी आण जरा."

त्या संध्याकाळी बायकोने कौतुकाने बहिणीला फोन लावला, ताई, यंदा अखंड ओळ बरं का, विनारोल! भोंगा खिडकीत माउथपीस हातात घेऊन बसला होता. पण भुणभुण नव्हती. आपण किती वर्षं, किती लोकांसमोर म्हणत होतो की हा मध्येच तडतडतो म्हणून मला थांबावं लागतं. आणि तो समोर बसून ड्रमची कड पुसायचा.

स्मृतिदिन उजाडला. आवार धुतलेलं, गाड्या रांगेत, नळकांड्यांचं पितळ लखलखतंय. गेलेल्यांची घरची माणसं पुढच्या रांगेत, त्यांच्यामागे भोंग्याची बायको, मेव्हणी आणि लेक. लेकीने वर्गातल्या सगळ्यांना सांगितलं होतं. बँडमास्तरांनी पाव्हण्यांना सांगितलं होतं. कोणाला सांगायचं राहिलं असेल तर ते फक्त त्या ट्यूबाला.

धून सुरू झाली. भोंगा एक पाऊल पुढे आला. शेवटची ओळ घेतली, आणि काय सांगू तुला, असा सूर त्याचाही कधी लागला नव्हता. स्वच्छ, भरलेला. चढत चढत त्या जागेपाशी आला. छातीत हवा इतकी, की ओळ दोनदा झाली असती.

आणि तिथे त्याने खांदे उचलले. सूर सोडला. थांबला.

आवारात सन्नाटा. ड्रम वाजला नाही. साडूच्या काठ्या हवेत वर, आणि तो डोळे फाडून ह्याच्या पाठीकडे बघतोय. रोल काढून टाकलेला. आणि ह्याचा दम तुटला नाही हे त्या अख्ख्या आवारात फक्त त्यालाच पक्कं ठाऊक. तळघरात शिट्टी कोणाची वाजली होती ते तोच जाणतो ना! बँडमास्तरांची काठी थिजलेली. बायकोने पदर मुठीत धरलेला.

भोंग्याने श्वास घेतलाच नाही. नुसता उभा राहिला. मग किंचित, अगदी किंचित, परत एकदा खांदे उचलले.

आणि मग तो रोल आला. पण तो लपवायला आलेला रोल नव्हता रे. आधी बारीक, लांबून यावा तसा, मग वाढत, वाढत, पायाखालची फरशी थरथरेपर्यंत. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे मिटले आणि मान हलवली, दर वर्षी हलवायची तशी. तो पुरता ओसरेपर्यंत भोंगा थांबला, आणि मग शेवटचा सूर लावून असा धरून ठेवला, असा धरून ठेवला, की पोरीने आपला ट्रम्पेट छातीशी घट्ट धरला आणि त्याच्याकडे बघतच राहिली.

नंतर चहाच्या वेळी बँडमास्तर जवळ आले. हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मते हळू.

"तुटला ना शेवटी दम? ऐन वेळी? असू दे, वय आहे. पुढच्या वर्षी पोरीला देऊ."

आजूबाजूचे चार जण कपात बघायला लागले. लेकीचा चेहरा एवढासा झाला.

"तुटला, सर," भोंगा म्हणाला. "रोल होता म्हणून निभावलं."

पोरीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं, तिने मिटलं. बायकोने त्याच्या कॉलरवरचा नसलेला धागा झटकला, आणि हात तिथेच राहू दिला.

माणसं गेल्यावर दोघं साडू मनोऱ्यामागे आले, कितीतरी दिवसांनी एकत्र. वर पाइप लोंबतायत.

"तुझ्याकडे दम होता," साडू म्हणाला.

भोंग्याने माउथपीस काढला. भुणभुण.

"मी ऐकलाय शेवटचा सूर. मला शिकवू नकोस."

भुणभुण.

साडूने खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट उपसली, बोटांत फिरवली, लायटर काढला. पण पेटवला नाही. सिगारेट परत पाकिटात घालायला गेला तर ती वाकली. तशीच कोंबली.

"ती गालात ठेवायची गोळी," तिसरीकडेच बघत म्हणाला, "आहे का रे एखादी?"

"तू काय ड्रम तोंडाने वाजवतोस?"

"दे ना गप."

भोंग्याने दिली. कशी चावायची तेही सांगितलं, डॉक्टरणीच्याच थाटात.

आता बोल. आता बोललास तरी चालेल. छातीत एवढी हवा, समोर बायको, लेक, पाव्हणे, आयुष्यभराची ती एक ओळ, आणि मागे तुझ्या खांद्यांकडे बघत बसलेला तो. तू असतास, तर थांबला असतास?